खात्यासाठी दिलेली माहिती, खात्यापुरतीच!



रोवण्याचे दिवस असोत की धान कापणीचे, फोन काही वेळ पाहून येत नाही. हात चिखलात असतात, मोबाइल वाजतो, घरचा काही निरोप असेल म्हणून बाई धावतपळत बांधावर येते. आणि तिकडून आवाज येतो, "मॅडम, आपका लोन अप्रूव हो गया है." एक नंबर काटला तर दुसऱ्या नंबरवरून येतो. कधी कर्ज, कधी विमा, कधी क्रेडिट कार्ड. आपण मागितलेलं यातलं काहीच नसतं.

आंबागड आणि आसपासच्या गावांतल्या तायांचा यावर एक प्रश्न हमखास असतो. "याले माहं नाव कसं मालूम? माहं खातं कोणत्या बँकेत हाय, हे याले कोणं सांगतलं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. फोन हा वरवरचा त्रास आहे. खरी गोष्ट अशी, की आपलं नाव, नंबर आणि खात्याची माहिती आपल्याला न विचारता दुसऱ्याच्या हातात गेली. आज त्या हातात कर्ज विकणारा असेल, उद्या ठग असेल. म्हणून या अंकात हा विषय नीट समजून घेऊ. नियम आपल्या बाजूचे आहेत, ते वापरता आले पाहिजेत.

आपला नंबर बाहेर जातो कसा?

यात जादू काही नाही. आपली माहिती बहुतेक वेळा यापैकी एखाद्या वाटेने बाहेर पडते.

एक, फॉर्मवरची सही. खाते उघडताना किंवा कर्ज घेताना पाच-सहा पानांचा फॉर्म असतो. "इथं सही करा, इथं करा, इथं अंगठा लावा" असं सांगितलं जातं. त्यातच एक बारीक ओळ असते, की बँकेने व तिच्या सहयोगी कंपन्यांनी मला इतर योजनांची माहिती फोनवर द्यायला माझी हरकत नाही. शेजारच्या चौकटीत खूण केलेली असते, कधी ती आपल्याआधीच कुणीतरी करून ठेवलेली असते.

दोन, झेरॉक्स. आधार, पॅन, पासबुक यांच्या प्रती आपण दुकानात काढतो. एखादी प्रत खराब निघाली तर ती तिथंच पडून राहते.

तीन, मोबाइलमधील कर्जाचे अ‍ॅप. अ‍ॅप टाकताना "अलाऊ, अलाऊ" दाबत गेलं की फोनमधील सगळे नंबर त्याच्याकडे जाऊ शकतात. तुमचे तर जातातच, तुमच्या जावेचे, नणंदेचे, गटाच्या अध्यक्ष ताईचेही जातात.

चार, यात्रेतली बक्षिसाची कूपनं आणि "मोफत नोंदणी" करणारी माणसं. नाव, गाव, नंबर लिहून घेतात. बक्षीस काही लागत नाही, यादी मात्र तयार होते.

पाच, योजनेच्या नावाने आलेल्या लिंका. २०२४ मध्ये मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना सुरू झाली, २०२५ मध्ये तिची ई-केवायसी आली. त्या गर्दीत खोट्या वेबसाइटही निघाल्या. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक अशा ठिकाणी भरला, की तो सरळ ठगाच्या वहीत जातो.

आणि माहिती विकली जाते, हे नुसतं ऐकीव नाही. मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सायबर पोलिसांनी एक टोळी पकडली. बरेच दिवस व्यवहार न झालेल्या बँक खात्यांची माहिती ही टोळी विकायला निघाली होती. त्या खात्यांत मिळून दोनशे कोटींच्या वर रक्कम होती. खातं वापरात नसलं तरी त्याची माहिती बाजारात किमती असते, हे त्यातून दिसलं. तुमचं एखादं जुनं खातं पडून असेल तर ते बंद तरी करा, नाहीतर वर्षातून दोन-चार व्यवहार करून चालू ठेवा.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँक ही सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणारी बँक. केवायसीबाबत तिचे निर्देश आहेत. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की खाते उघडण्यासाठी ग्राहकाकडून घेतलेली माहिती गोपनीय ठेवायची. ग्राहकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय ती दुसरी उत्पादनं विकण्यासाठी किंवा इतर कशासाठीही कोणाला द्यायची नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर, खात्यासाठी दिलेली माहिती खात्यापुरतीच.

डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक हक्कांची सनद काढली. त्यात पाच हक्क आहेत. चांगली वागणूक मिळण्याचा, व्यवहार स्पष्ट व प्रामाणिक असण्याचा, आपल्याला झेपेल आणि उपयोगी पडेल तीच योजना मिळण्याचा, खासगीपणाचा, आणि तक्रार व भरपाईचा. चौथा हक्क आपल्या विषयाचा. ग्राहकाच्या खासगीपणात ढवळाढवळ करणाऱ्या फोन-मेसेजपासून तिला संरक्षण मिळायला पाहिजे, असं ही सनद सांगते.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात एक फार उपयोगी गोष्ट आहे. होकार देणं जितकं सोपं, तितकंच तो मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर आपण गप्प बसायचं असं नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम आजही लागू आहेत.

"मोठ्या बँकेला कोण विचारते?" असं वाटू शकतं. पण विचारलं जातं. सप्टेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला १ कोटी रुपये दंड केला. त्याच्या कारणांत एक कारण असं होतं, की ग्राहकांना संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ७ च्या आधी संपर्क केला जाऊ नये, याची काळजी बँकेने घेतली नव्हती.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. काही ठिकाणी बँकेला माहिती द्यावीच लागते. कायद्याने मागितली तर, न्यायालयाने मागितली तर, आणि कर्जाची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांना. तिथं आपली हरकत चालत नाही. जाहिरातीसाठी मात्र आपला होकार लागतोच.

फॉर्मवर सही करताना

घाई करू नका. "मागे लाइन लागली हाय" म्हणून कोणी घाई केली तरी शांतपणे म्हणा, "साहेब, वाचून सही करतो." बँकेने रोजच्या वापराचे फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत द्यायचे असतात. मराठी फॉर्म मागा. वाचता येत नसेल तर बँक सखीला किंवा शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

फॉर्ममध्ये इतर योजना, सहयोगी कंपन्या, फोन-मेसेजद्वारे माहिती असे शब्द आले, की थांबा. त्या चौकटीत खूण करू नका. आधीच केलेली असेल तर ती खोडून बाजूला "संमती नाही" लिहा आणि तिथं सही करा. जाहिरातीला हो म्हणणं ही बचत खाते उघडण्याची अट नाही.

झेरॉक्स देताना प्रतीवर आडवं लिहा, "फक्त बचत खाते उघडण्यासाठी", खाली तारीख आणि सही. आधारचे शेवटचे चार आकडेच दिसतील अशी प्रतही आधारच्या वेबसाइटवरून निघते. जिथं चालत असेल तिथं तीच द्या.

अजून एक काम या आठवड्यात करा. तुमच्या खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे ते पासबुक घेऊन बँकेत विचारा. काही तायांच्या खात्याला मुलाचा जुना नंबर असतो, तर कोणाच्या खात्याला फॉर्म भरून देणाऱ्याचाच. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या माणसाला देते. मग तुमचे १,५०० रुपये, धानाचे चुकारे, गटाच्या कर्जाचा मेसेज सगळं त्याच्या फोनवर. नंबर तुमचाच असू द्या.

दिलेला होकार मागे कसा घ्यायचा?

साध्या कागदावर अर्ज लिहा. नमुना असा:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखेचे नाव)

विषय: जाहिरातीचे फोन व मेसेज बंद करणेबाबत.

महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे … असे आहेत. माझी माहिती जाहिरात किंवा विक्रीसाठी वापरण्यास, तसेच सहयोगी कंपन्यांना देण्यास माझी संमती नाही. पूर्वी अशी संमती नोंदली गेली असल्यास ती मी आजपासून मागे घेत आहे. खात्याच्या व्यवहाराचे मेसेज चालू ठेवावेत. या अर्जाची पोच मिळावी.

आपली, (नाव, गाव, मोबाइल नंबर, तारीख, सही)

अर्जाच्या दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. एका अर्जासाठी तुमसरला जाण्यात अर्धा दिवस मोडतो, म्हणून गटातल्या सगळ्यांचे अर्ज एकत्र करा आणि एकीने नेऊन द्या. अर्ज मात्र प्रत्येकीचा वेगळा, सही प्रत्येकीची स्वतःची.

१९०९ हा नंबर

बँकेला अर्ज दिला, पण फोन फक्त आपल्याच बँकेचे येत नाहीत. इतरांचे थांबवायला १९०९ हा नंबर आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने घालून दिलेली ही सोय आहे. तिला डीएनडी म्हणतात, म्हणजे त्रास देऊ नका.

आपल्या मोबाइलवरून १९०९ ला फोन करा आणि सांगितल्याप्रमाणे पुढे जा. किंवा मेसेजमध्ये इंग्रजीत स्टार्ट लिहून, एक जागा सोडून, ० लिहा आणि १९०९ ला पाठवा. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. फक्त बँक, विमा, कर्ज, क्रेडिट कार्ड यांच्याच जाहिराती बंद करायच्या असतील तर तीही सोय आहे. पैसे लागत नाहीत. नंबर नवऱ्याच्या नावावर असला तरी ज्या फोनवर त्रास होतो त्याच फोनवरून हे करायचं.

तायांना एक भीती असते. "बंद केलं तर लाडक्या बहिणीच्या पैशाचा मेसेजच नाई आला तर?" येतो. ओटीपी, पैसे जमा-वजा झाल्याचे मेसेज, सरकारी सूचना डीएनडीने थांबत नाहीत. थांबतात त्या फक्त जाहिराती. आणि तुम्ही एखाद्या बँकेला स्वतः होकार दिलेला असेल तर डीएनडी असूनही तिचे फोन येऊ शकतात, म्हणून वरचा अर्ज आणि १९०९ ही दोन्ही कामं करायची.

गटाची ताकद इथं कामी येते

डीएनडी करूनही फोन आला तर तक्रार १९०९ लाच करायची. ज्या नंबरवरून फोन आला तो, तारीख, आणि कशाबद्दल होता हे दोन शब्दांत. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आता डीएनडी केलेलं असणंही गरजेचं नाही. आणि एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या, की मोबाइल कंपनीला त्याच्यावर कारवाई सुरू करावी लागते. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागत होत्या.

पाच तक्रारी! आपल्या एका गटात दहा-बारा बाया आहेत. एकीने तक्रार केली तर ती एक तक्रार. साप्ताहिक बैठकीत फोन काढून नंबर जुळवून पाहिले, आणि तोच नंबर पाच जणींना आलेला निघाला, तर पाच मिनिटांत पाच तक्रारी होतात. बचत एकत्र केली तर भांडवल उभं राहते, तसंच हेही आहे. फक्त ज्या ताईला फोन आला तिनंच तक्रार करायची, खोटी करायची नाही.

फोन उचलण्याआधी नंबर पहा

नोंदणी केलेल्या कंपन्यांचे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला पाहिजेत. बँकेचे तुमच्या खात्याबद्दलचे, कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना तसं सांगितलं आहे. म्हणजे साध्या मोबाइल नंबरवरून कोणी "मी बँकेतून बोलतो" म्हणत असेल, तर तिथंच सावध व्हा.

मेसेजचंही तसंच. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवेचा मेसेज, टी असेल तर व्यवहाराचा, जी असेल तर सरकारी.

आणि फोन उचललाच तर काय बोलायचं? भांडायचं नाही, कारण बोलणारं पोरगंही कोणाच्या तरी नोकरीत आहे. पण गुळमुळीत "पाहू", "विचारून सांगतो" म्हणायचं नाही, त्याने पुन्हा फोन येतो. असं बोला:

"भाऊ, तुम्ही कोणत्या कंपनीतून बोलता? तुमचं नाव काय?"

"माहा नंबर तुमाले कोणं देल्ला?"

"मले कर्ज नाई पायजे. माही संमती नाई. माहा नंबर तुमच्या यादीतून काढा."

एवढं म्हणून फोन ठेवून द्या. नाव, नंबर, वेळ वहीत लिहा.

कर्जाची खरोखर गरज असेल तरी फोनवर ठरवू नका. प्रत्येक कर्जदाराला सही करण्याआधी मुख्य तथ्यांचं पत्रक द्यायचं, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे. त्यात सगळा खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात ते लिहिलेलं असते. फोनवरचा माणूस म्हणतो "फक्त दोन टक्के". पण ५०,००० रुपयांवर महिन्याला दोन टक्के, तेही मूळ रकमेवर, दोन वर्षे धरले तर व्याजच २४,००० रुपये होते. हप्ता ३,०८३ रुपयांच्या आसपास. त्यात प्रक्रिया शुल्क आधीच कापलं, तर हातात ५०,००० येतही नाहीत. गटातून कर्ज घेतलं तर व्याजही कमी आणि ते गटातच राहते. आधी गटात विचारा.

वसुलीचा फोन वेगळा

काही तायांनी मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून कर्ज घेतलं आहे. त्यांचा हप्त्याचा फोन ही जाहिरात नाही, तो डीएनडीने थांबणार नाही. घेतलेलं कर्ज फेडायचंच आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे मायक्रोफायनान्स कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत नाव जाहीर करणं, नातेवाइकांना किंवा मैत्रिणींना त्रास देणं हे सगळं बंद आहे. तुमचं कर्ज किती थकलं, हे शेजारणीला सांगणं म्हणजेही तुमची माहिती उघड करणंच आहे.

कर्जाच्या अ‍ॅपलाही नियम आहे. सप्टेंबर २०२२ पासून अ‍ॅपने फोनमधील नंबरांची यादी, फोटो, फोनच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. जे अ‍ॅप ही परवानगी मागते, ते काढून टाका.

ठगाचा फोन ओळखा

जाहिरातवाला तुम्हाला काही विकायला पाहतो. ठग तुमच्याकडून काही काढून घ्यायला पाहतो. ओटीपी, पिन, कार्डच्या मागचे आकडे, आधारचा नंबर मागितला, "आज नाही केलं तर खातं बंद होते" म्हणून घाबरवलं, एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं, की तो ठग समजा. बँक यातलं काही मागत नाही. तुमचं नाव, बँक, शाखा त्याने बरोबर सांगितली म्हणून विश्वास ठेवू नका. ती माहिती कशी बाहेर जाते, ते आपण वर पाहिलंच.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. ज्या फसवणुकीत बँकेचीही चूक नाही आणि तुमचीही नाही, तिथं तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलं तर तुमच्यावर नुकसान पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून एक-एक मिनिट मोलाचं आहे. कोणत्याही ताईला यावरून "तुले अक्कल नव्हती का" असं म्हणू नका. टोमण्याच्या भीतीने बाई दोन दिवस गप्प राहते आणि तेवढ्यात उरलेले पैसेही जातात.

बँक ऐकत नसेल तर

पहिली पायरी, शाखेत लेखी तक्रार आणि तिची पोच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर दुसरी पायरी रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. त्यांच्याकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, कागदावर लिहून पोस्टानेही पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा मोफत नंबर आहे. शाखेची पोच, वहीतल्या नोंदी आणि तारखा इथं कामी येतात.

आता आपल्या पेटीकडे पाहू

बँकेला नियम सांगताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या गटाकडेही दुसऱ्यांची माहिती आहे. सदस्यांच्या आधारच्या झेरॉक्स, पासबुकच्या प्रती, फोटो, कोणाचं किती कर्ज, कोणाचा हप्ता थकला, सगळं.

ती फाइल कुठं आहे? कपाटात आहे की ओसरीवर खुंटीला टांगलेली आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर "सगळ्यांनी आधार आणि पासबुकचा फोटो टाका" असं आपण म्हणतो, आणि चाळीस जणींच्या गटावर चाळीस आधार कार्डं पडतात. त्या गटावर कोण-कोण आहे, कोणाचा फोन कोणाच्या हातात असतो, हे कोणाला ठाऊक? घाईत काम होते हे खरं, पण ताईने ती माहिती एका कामासाठी दिलेली असते. बँकेला जो नियम, तोच आपल्याला.

यापुढे कागदपत्रांचे फोटो सगळ्यांच्या गटावर टाकायला सांगू नका. ज्या ताईकडे काम आहे तिच्याच नंबरवर घ्या, काम झालं की खोडून टाका. झेरॉक्सची फाइल पेटीत ठेवा, किल्ली ठरलेल्या सदस्याकडे. नको असलेल्या प्रती फाडून चुलीत टाका, किराण्याच्या पुड्यांना देऊ नका. कोणी एजंट आला आणि "गटाच्या बायांची यादी अन् नंबर द्या, योजना आणतो" म्हणाला, तर बैठकीत ठरल्याशिवाय देऊ नका. सदस्यांची यादी अध्यक्ष-सचिवांच्या मालकीची नाही, ती सगळ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेली आहे.

पुढच्या बैठकीचा विषय

पुढच्या साप्ताहिक बैठकीत बचत आणि परतफेडीचं काम झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्या. प्रत्येकीच्या फोनवरून १९०९ ला नोंद करा. ज्यांना मेसेज लिहिता येत नाही त्यांना शेजारच्या ताईने मदत करावी, पण फोन तिच्याच हातात असू द्यावा. बँकेचे अर्ज भरून घ्या. १९०९, १९३० आणि १४४४८ हे तीन नंबर इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि हा ठराव मांडा:

"आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, सदस्यांची कागदपत्रे व मोबाइल नंबर ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी वापरले जातील. सदस्याच्या संमतीशिवाय ते कोणत्याही व्यक्तीला, कंपनीला किंवा एजंटला दिले जाणार नाहीत. जाहिरातीच्या त्रासदायक फोनची नोंद दर बैठकीत घेतली जाईल व संबंधित सदस्य १९०९ वर तक्रार करतील."

ठरावाखाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत ग्रामसंघाकडे पाठवा. किती जणींची डीएनडी नोंद झाली, किती अर्ज बँकेत गेले, ते सीआरपी ताईंना सांगा, म्हणजे कोणत्या गावाला मदत लागते ते प्रभागसंघाला कळेल.